सांतियागोसाठी एक कफन

एल साउसच्या खोऱ्यात ज्या भिंती अजून गुळगुळीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांवरून डोन्या सोतेरा व्हियाल्पांदो यांचा तळहात फिरलेला आहे. मातीत भुसा कालवून घर लिंपणे हे आमच्याकडे बायकांचे काम. पुरुष कच्च्या विटा रचून बाजूला होतात. मग बायका येतात आणि त्या ढिगाऱ्याचे घर करतात. सोतेरा त्यांच्यात अव्वल मानल्या जात. ओल्या मातीवर मेंढीच्या कातड्याचा तुकडा फिरवताना त्या भिंतीशी काहीतरी पुटपुटत. कोणी विचारलेच तर म्हणत, "थोपटतेय तिला. झोपत नाही ती." त्यांना मूलबाळ नव्हते. नवरा मेंढ्या घेऊन उत्तरेला गेला आणि बर्फातच राहिला. वडील गेले तेव्हा त्यांचे दुधाचे दातही पडले नव्हते. ते कसे गेले हे खोऱ्यात सर्वांना ठाऊक होते: अमेरिकी फौजेने ताओसच्या चौकात त्यांना देशद्रोही म्हणून फासावर चढवले होते.

त्यांच्याविषयी मी इथे जे लिहितो आहे, त्यातले काही मी पाहिले आहे आणि काही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. एका प्रसंगी मात्र मी नेमके काय ऐकले, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. त्या प्रसंगापाशी आलो की तसे सांगेन.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, दिवस कलल्यावर, बंधूंच्या, म्हणजे आमच्या धर्ममंडळाच्या, प्रार्थनाघरात अंधाराची प्रार्थना होते. या घराला आम्ही मोरादा म्हणतो. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या असतात. वेदीसमोरच्या मेणबत्त्या प्रत्येक स्तोत्रानंतर एकेक करून विझवतात आणि शेवटची पेटती मेणबत्ती आतल्या खोलीत नेतात. मग साखळ्यांचा आणि लाकडी करकऱ्यांचा असा गदारोळ उठतो की बसल्या जागी बरगड्या हलतात. तो थांबला की अंधारातून कोणीतरी हाक देते: "अमक्याच्या आत्म्यासाठी एक कफन, देवाच्या नावानं." कफन ही एक लहानशी प्रार्थना आहे. थोरले बंधू ती सुरू करतात, सगळे मिळून ती पुरी करतात, आमेन म्हणतात, आणि पुन्हा गदारोळ. हाक फक्त आपल्या घरच्या मृतासाठी द्यायची असते. एकदा दिलेल्या हाकेला उत्तर द्यावेच लागते, आणि ती कोणी दिली हे दिवे लागल्यावर विचारायचे नसते.

सोतेरा दोन हाका देत. पहिली वडिलांसाठी, नासारिओच्या नावाने. दुसरी अगदी शेवटी, सगळ्यांच्या हाका संपल्यावर: "दूर मेलेल्या सांतियागोच्या आत्म्यासाठी एक कफन." हा सांतियागो त्यांचा गाडीवान काका असावा, मिसुरीच्या वाटेवर कुठेतरी मेला असावा, असे लोक धरून चालले होते.

सांतियागोच्या प्रार्थनेनंतर, आणि केवळ तिच्यानंतर, एक आमेन उशिरा येत असे. सगळ्यांचे आमेन म्हणून झाले, की माणूस एक श्वास घेईल इतक्या अवकाशाने उत्तरेच्या भिंतीकडून ते येई. त्या भिंतीशी कोणी बसत नाही. तिथे मृत्यूची गाडी उभी असते, आणि गाडीत हातात धनुष्य घेतलेला लाकडी सांगाडा. त्या आमेनमध्ये दुःख नव्हते, दरारा नव्हता. रांगेत मागे पडलेल्या माणसाने घाईने पुढच्यांना गाठावे, तसे ते होते.

सोतेरांची शेजारीण ब्रिहिदा यावर म्हणे, "बहिरा पोर्फिरिओ असणार. त्याला सगळंच उशिरा ऐकू येतं. बायको मेल्याचं त्याला आठवड्यानं कळलं."

पुढे पोर्फिरिओही वारला. त्यानंतरच्या गुरुवारी आमेन आले तेव्हा ब्रिहिदा शेजारी बसलेल्या बाईच्या कानाशी लागली, "बघा. आपण मेलोय हेही अजून कळलं नाही मेल्याला."

हा प्रतिध्वनी आहे अशी माझी समजूत होती. एकदा भर दुपारी रिकाम्या मोरादात जाऊन मी वेगवेगळ्या जागी उभा राहिलो आणि मोठ्याने आमेन म्हणून पाहिले. मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. काहीही परत आले नाही.

मी सांता फेला जुन्या कागदपत्रांच्या नकला करण्याचे काम करतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रार्थनाकाळात मात्र घरी येतो. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या दफनांची माहिती मी गोळा करत होतो, आणि सांतियागो व्हियाल्पांदो असा कोणी माणूस कुठेच सापडत नव्हता. म्हणून एके दिवशी सोतेरा मोरादाची भिंत लिंपत असताना मी सरळ विचारले.

"डोन्या सोतेरा, हा सांतियागो तुमचा कोण?"

"आधी माती दे. हातानं दे, फावड्यानं नको." त्यांनी गोळा भिंतीवर आपटला आणि पसरला. "तो तुमच्याच पुस्तकांत आहे की. मोठा माणूस आहे. अमेरिकनांचा प्रेसिदेन्ते होता तो."

"पोल्क?"

"जेम्स ना तो? मग आपल्यात सांतियागोच झाला. प्रार्थनेत काय प्रेसिदेन्ते म्हणायचं? बाप्तिस्म्याचं नाव लागतं."

फौज आमच्या मुलखात आली ती याच माणसाच्या हुकमावरून. त्याने मेक्सिकोशी युद्ध पुकारायला लावले, आणि त्या युद्धात आमचे खोरे एका देशातून दुसऱ्या देशात गेले. घरे मात्र जागची हलली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ताओसला बंड झाले, तोफांनी ते मोडले, आणि वसंतात फाशा झाल्या. नासारिओचे नाव मला कोणत्याही छापील मजकुरात आढळलेले नाही. त्याच्या फाशीला खोऱ्याच्या आठवणीपलीकडे आधार नाही. इथपासून पुढचे सोतेरांनी सांगितलेले आहे.

फाशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईने कोनाड्यातला संत अंतोनिओ उचलला आणि पिठाच्या पेटीत पालथा घातला. संत नवसाला पावला नाही तर त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवणे किंवा पेटीत कोंडणे, हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. हरवलेली शेळी मिळाली की काढतात. या बाईने संताला सांगितले, ज्याने फौज पाठवली तो मातीखाली जाईपर्यंत तुला उजेड दिसणार नाही. रोज पीठ घेताना ती हात घालून संताची पाठ चाचपायची आणि तेच पुन्हा सांगायची.

"दोन वर्षांनी गाड्यांचा तांडा आला, त्यांनी बातमी आणली," सोतेरा म्हणाल्या. "खुर्ची सोडून चार महिने झाले नाहीत तोच गेला म्हणे. म्हातारा नव्हता. आईनं पेटी उघडली. मी शेजारीच होते. संत उताणा होता, पोरा. वर बघत होता. तोंडाशी पीठ ओलं होऊन चिकटलं होतं, झोपेत लाळ गळावी तसं."

"पेटी कोणी हलवली असेल. दमट हवा असेल."

"असेल. आईला सांगायला हवं होतंस तू."

आईने त्या पिठाची भाकरी केली नाही. ते नदीत सोडले. तेव्हापासून तिने त्या माणसाला घरच्या मृतांत धरले, कारण ज्याचे मरण आपल्या हातून झाले तो आपलाच. मरताना तिने लेकीकडून वचन घेतले. तिचे शब्द सोतेरांनी मला जसेच्या तसे सांगितले: "त्याला दरवर्षी हाक दे. हाक मिळते तो बाहेर थांबतो. मिळाली नाही तर तो दार शोधत येतो."

मला यात एका भाबड्या बाईचा गैरसमज दिसला, आणि तो दूर करणे हे मला कर्तव्य वाटले.

"तो कॉलऱ्यानं गेला असावा, डोन्या सोतेरा. त्या वर्षी तिकडं नदीकाठची गावंच्या गावं आजारी होती. हजारो मेले."

"हजारोंसाठी आईनं संत पालथा घातला नव्हता."

"शिवाय फाशी त्यानं दिली नाही." आणि मग मी त्यांना जे सांगितले, त्याने त्यांना दिलासा मिळेल असे मला मनापासून वाटले होते. फौजेच्या सेनापतीने छपरावर उभे राहून आमच्या लोकांना तुम्ही आता अमेरिकी आहात असे जाहीर केले होते; त्याच आधारावर बंडखोर देशद्रोही ठरले. परंतु फाशांच्या काही महिने आधीच प्रेसिदेन्तेने आपल्या काँग्रेसला लेखी कळवले होते, की आमच्या लोकांना असे कायमचे राजकीय हक्क देणारा त्या जाहीरनाम्यातला भाग आपण मंजूर केलेला नाही. तो खलिता छापलेला आहे. मी तो वाचला आहे.

सोतेरांचा हात भिंतीवरच थांबला.

"म्हणजे माझे बाबा देशद्रोही नव्हते, असं तो म्हणाला?"

"अगदी तसं म्हणाला नाही. पण ते अमेरिकी नागरिकच नव्हते, तर देशद्रोही कसे? अर्थ तोच निघतो."

"आणि फाशीच्या आधी म्हणाला."

"आधी. पण इथल्या कोर्टानं..."

"आणि आईनं त्याला मारलं."

मी घाईने सांगू लागलो की तो निरपराध मुळीच नव्हता. वादातल्या नदीकाठी फौज त्यानेच धाडली, तिथे रक्त सांडताच आपल्या भूमीवर आपले रक्त सांडले असे काँग्रेसला सांगून युद्ध त्यानेच मागितले, आणि त्याचा डोळा आमच्या मुलखावर आणि कॅलिफोर्नियावर होता. सोतेरांनी सगळे ऐकून घेतले.

"चूल त्याची," त्या म्हणाल्या. "पण या भांड्याखाली जाळ त्यानं सारला नव्हता." मग जरा वेळाने, "त्याचा बाप्तिस्मा कधी झाला होता? आहे का तुझ्या पुस्तकात?"

"मरणापूर्वी थोडेच दिवस. त्याआधी झालेला नव्हता."

त्या मातीच्या ढिगाऱ्यावरच बसल्या. "म्हणजे आई पेटीत बोलत होती तेव्हा त्याच्या अंगावर पाणीच नव्हतं. उघडा होता तो. काहीच आडवं आलं नसेल."

त्या दिवशी भिंत अर्धीच राहिली.

हिवाळ्यात सोतेरांना खोकला धरला तो सुटला नाही. त्यांच्यामागे हाक देणारे रक्ताचे कोणी नव्हते. घरात माणूस उरले नाही तर बंधुमंडळ ते नाव आपल्याकडे घेऊ शकते, अशी आमची रीत आहे. म्हणून पवित्र आठवडा तोंडावर आला तेव्हा त्या थोरले बंधू डॉन फिदेंसिओ यांच्याकडे गेल्या. चालताना आधार लागे म्हणून मी बरोबर होतो. दोन्ही नावे मागायची तर सांतियागो कोण हे सांगावेच लागणार होते. त्यांनी ते सांगितले.

फिदेंसिओ लोकर विंचरत बसले होते. ताओसच्या देवळावर तोफा चालल्या तेव्हा त्यांचा चुलता आत होता.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "माझ्या तोंडून तुम्ही त्या माणसाला कफन घालून घेतलंत."

"हो, बंधू."

"माझ्या बापाच्या तोंडूनही."

"त्यांच्याही. त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा चांगला होता."

फिदेंसिओ हसले नाहीत. "नासारिओ आमचा. त्याचं नाव आम्ही घेऊ. मंडळ आहे तोवर, मोरादाची एक भिंत उभी आहे तोवर. पण त्या दुसऱ्याला नाही. तो पाखंडी, आणि तो..." त्यांनी लोकर खाली ठेवली. "या गुरुवारी तुम्ही एकच हाक द्यायची, वडिलांची. मग पुढं आम्ही. ते दुसरं नाव माझ्या कानावर आलं, तर दोन्ही नावं तुमच्याबरोबर जातील. आणि तुम्ही मोरादाची पायरी चढायची नाही."

"तो दारात येईल, बंधू."

"येऊ दे. त्याला सांगेन, ज्यांची घरं घेतलीस त्यांच्याकडं उबेला येऊ नकोस."

परत येताना सोतेरा म्हणाल्या, "तसा भला माणूस आहे. त्याची बायको भिंतीला चुना फार लावते, एवढंच." वाटेत मी त्यांना वडिलांसाठी मी हाक देईन असे सुचवले. त्यांनी मान हलवली. "तू आमचा नाहीस. परक्यानं दिलेली हाक पोकळ पडते. ती कुठं पोचत नाही."

त्या गुरुवारी मोरादा भरलेला होता. फिदेंसिओंचे बोलणे खोऱ्यात पसरले होते आणि सांतियागो कोण हे आता सर्वांना ठाऊक झाले होते. बाहेर स्वयंपाकाच्या पडवीत उपासाचा गोड पानोचा मातीच्या भांड्यांत निवत होता. त्याचा वास दार लावेपर्यंत आत येत होता. मेणबत्त्या विझत गेल्या. शेवटची आत नेली. गदारोळ झाला, थांबला, हाका सुरू झाल्या. ब्रिहिदाने नवऱ्यासाठी दिली. कोणी तान्ह्या मुलासाठी दिली. प्रत्येक वेळी फिदेंसिओंनी प्रार्थना सुरू केली. हळूहळू हाकांमधले अंतर वाढले. नासारिओचे नाव अजून आले नव्हते. आता ती शेवटची जागा आली.

सोतेरा खोकल्या. मग म्हणाल्या, "दूर मेलेल्या सांतियागोच्या आत्म्यासाठी एक कफन, देवाच्या नावानं."

फिदेंसिओंनी प्रार्थना सुरू केली नाही.

हाकेनंतर शांतता राहिल्याचे माझ्या आठवणीत तोवर कधी घडले नव्हते. कोणाच्या तरी हातातली साखळी एकदा वाजली. लोक भिंतीपासून सरकत मध्यावर येत आहेत, हे खांद्यांना कळत होते. थंडी वाढली, कदाचित दार नीट लागले नसेल. मग बायकांच्या बाजूने ब्रिहिदाचा आवाज आला. ती चिडलेली होती आणि भ्यालेलीही, पण प्रार्थनेचा पहिला शब्द तिने उच्चारला. दुसऱ्या शब्दाला चारजणी मिळाल्या, आणि शेवटाला सगळे. आमेन म्हटले गेले.

श्वासाइतका अवकाश गेला आणि उशिराचे आमेन आले. भिंतीकडून नाही. बायकांमधून, सोतेरा बसल्या होत्या तिथून, त्यांच्या डोक्याच्या जरा वरून. जणू कोणीतरी त्यांच्यापाशी उभे होते.

दिवा आला तेव्हा त्या एकट्याच बसलेल्या होत्या. शेजारच्या बायका दूर सरकल्या होत्या. वडिलांचे नाव त्यांनी घेतले नव्हते.

"का?" मी नंतर विचारले.

"बाबांना मी आयुष्यभर हाक दिली. आईनं दिली. ते गेले असतील पुढं. त्याला इथं माझ्याशिवाय कोण आहे?" त्यांनी शाल ओढून घेतली. "पण भीती वाटते रे. समजा बाबा अजून वाट बघत असले तर?"

ही भीती त्यांच्या मनातून गेली नाही. उन्हाळाभर त्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, एखाद्याचे नाव घेणे थांबले तर तो किती मागे ढकलला जातो. पाद्री म्हणाला, देवाला यादी लागत नाही. ब्रिहिदा म्हणाली, "कोमाद्रे, तुझा बाप फासावर चढताना रांगेत नंबर लावून गेला नव्हता. आताही कोणी हटवायचं नाही त्याला." या उत्तरावर त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले. पानगळीच्या सुमारास त्या वारल्या. फिदेंसिओ खांदा द्यायला आले आणि शब्दालाही जागले: मंडळाने नासारिओचे नाव आपल्याकडे घेतले नाही. सोतेरांचे स्वतःचे नाव घेता येईल का, असे ब्रिहिदाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्या कोमाद्रे, तुमच्या लेकाला त्यांनी बाप्तिस्म्याला धरलं, म्हणजे घरच्याच. तुम्ही हाक द्या. मी अडवणार नाही."

आता तो प्रसंग, त्यानंतरच्या वर्षीच्या गुरुवारचा. मी पुरुषांच्या रांगेत शेवटी, बायकांच्या रांगेला लागून बसलो होतो. ब्रिहिदा माझ्या शेजारी होती आणि अंधार झाल्यावर तिने माझी बाही धरून ठेवली होती. तिने सोतेरांसाठी हाक दिली, प्रार्थना झाली. इतरांच्या हाका झाल्या. मग त्या संपल्या. गदारोळाची शेवटची पाळी बाकी होती आणि फिदेंसिओ तिची खूण करणार, तेवढ्यात उत्तरेच्या भिंतीकडून आवाज आला.

पुरुषाचा आवाज. मंद, घसा साफ न करता बोललेला. शब्द आमच्याच भाषेतले होते. पण प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवल्यासारखा होता, जसे एखादा माणूस भाषा न जाणता एकच वाक्य वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आला असावा.

"नासारिओच्या आत्म्यासाठी एक कफन. देवाच्या नावानं."

ब्रिहिदाची बोटे माझ्या बाहीवर होती, ती आवळली. तिने हाक दिली नव्हती. खोऱ्यातला प्रत्येक पुरुष बोलतो कसा हे मला माहीत आहे. कोणी आवाज बदलला असेल, बाहेरचा कोणी मेंढपाळ आत शिरला असेल, या शक्यता मी नाकारत नाही. मी त्या तपासल्या आहेत आणि त्यांच्यासाठी पुरावा मिळालेला नाही. दुसऱ्या शक्यतेसाठीही माझ्याकडे पुरावा नाही.

मृताच्या घरच्या नसलेल्याची हाक पोकळ पडते, हे फिदेंसिओ जाणत होते. हाक दिली गेली की उत्तर द्यावे लागते, हेही जाणत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली, पहिल्या शब्दाला अडखळले, तो पुन्हा म्हटला, आणि आम्ही त्यांच्यामागून गेलो.

शेवटी सगळे आमेन म्हणालो. नंतर कोणी हलले नाही. भिंतीच्या बाजूने उशिराचे आमेन येते का याची आम्ही पुष्कळ वेळ वाट पाहिली. काही आले नाही, आणि फिदेंसिओंनी दिवा आणायला सांगितले.